हिल्डा पेनरची दुर्बीण

हिल्डा पेनरला दुर्बीण तिच्या नवऱ्यानं पक्षी बघायला आणून दिली होती. नवरा गेला, पक्ष्यांचं वेड ओसरलं, आणि कोरोनात सीमा बंद झाल्यापासून हिल्डा त्याच दुर्बिणीतून अमेरिका बघू लागली. अमेरिका काही लांब नव्हती. हिल्डाच्या दारासमोर कॅनडाचा रस्ता, त्याला लागून गुडघाभर खोल चर आणि चराच्या पलीकडं अमेरिकेचा रस्ता. मध्ये ना कुंपण, ना भिंत. शेजारच्या धालीवालांचं कुत्रं दिवसातून चारदा परदेशवारी करून यायचं. माणसांनी मात्र वर्ष झालं, पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

समोरच्यांनी दारावरचा झेंडा बदलून आणखी मोठा लावला, तिकडच्या पोस्टमनचा मास्क आजही हनुवटीवरच आहे, असलं सगळं हिल्डाला ठाऊक असायचं. वाईट हेतू तिच्या मनात नव्हता. समोर काय चाललंय ते कळल्याशिवाय तिला घास जायचा नाही, एवढंच.

आठवडाभर साठवलेले प्रश्न ती शनिवारी दुपारी दोन वाजता बाहेर काढायची. त्या वेळी चराच्या दोन्ही काठांवर घडीच्या खुर्च्या लागायच्या. बोलायला मुभा होती. वस्तू मात्र इकडून तिकडं द्यायची नाही, हात मिळवायचा नाही, नाहीतर गस्तीची गाडी यायची. हिल्डाच्या समोर गेरिट व्हेन्स्ट्रा बसायचा. वय चौऱ्याहत्तर, रास्पबेरीचा शेतकरी, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. सीमा उघडी होती तेव्हा नऊ वर्षं न चुकता दर बुधवारी तो नाक्यावरून वळसा घालून हिल्डाच्या स्वयंपाकघरात क्रोकिनोल खेळायला यायचा. लाकडाचा गोल पाट, मधोमध भोक, बोटाच्या टिचकीनं सोंगटी मारायची. भोकात गेली की वीस गुण. गेरिटला हा खेळ हिल्डानंच शिकवला होता आणि पुढं पुढं तो तिलाच हरवायला लागला होता, याचा तिला रागही यायचा आणि बुधवारपर्यंत धीरही धरवायचा नाही.

"काय गं, या आठवड्यात कोणाला पकडलंस?" मार्चमधल्या एका शनिवारी गेरिटनं खुर्ची उघडता उघडता विचारलं.

"थट्टा पुरे. तुमच्या चर्चमध्ये म्हणे सगळे मास्क न घालता गातात?"

"गातात. आणि असे गातात, की तोंडं बांधली तर देवाचीही सुटका होईल."

"आणि तू?"

"मी मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवतो. आता माझी पाळी. तुमच्याकडं म्हणे शेजारीच शेजाऱ्यांची चहाडी करतात?"

"चहाडी कसली? नियम मोडला तर कळवायला नको?"

"बाप रे!" गेरिट हसला. मग त्यानं बाही वर करून लस टोचलेला दंड मुद्दाम दाखवला. हिल्डाचा नंबर अजून लागला नव्हता. तिचा जीव जळला. ते त्याला दिसलं आणि तो आणखीच खुलला. "तुझ्यासाठी एक गंमत केलीय हिवाळाभर बसून. पण आत्ता सांगणार नाही. दोन आठवडे थांब."

"सांग ना रे!"

"नाही म्हणजे नाही. तुला एक शब्द सांगितला की तू उरलेलं सगळं काढून घेतेस."

सोमवारी सकाळी हिल्डाच्या दुर्बिणीला चराच्या अलीकडंच काम मिळालं. दोन घरं सोडून धालीवालांकडं अमेरिकेची नंबरप्लेट असलेली निळी गाडी उभी होती! त्यांच्या तळघरातल्या खोलीचे पडदे ओढलेले. दिवसभर कुणी बाहेर आलं नाही. मंगळवारी कुणीतरी किराण्याच्या पिशव्या दाराबाहेर ठेवल्या, बेल वाजवली आणि पळ काढला. मग दार अर्धवट उघडलं आणि आतल्या एका हातानं त्या ओढून घेतल्या. रोज सकाळी अकराला मागच्या अंगणात कुणीतरी कानटोपी घालून गोल गोल चालायचं. कुणाकडं बघणं नाही, हात हलवणं नाही. लपून बसलेल्या माणसाची आणखी काय लक्षणं असतात?

सरळ धालीवालांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण त्या रस्त्यावर, तुमच्या घरी कोण आलंय हो, असं तोंडावर विचारणं असभ्य समजलं जायचं. पोलिसांना फोन करणं असभ्य नव्हतं. मधल्या शनिवारी पावसामुळं खुर्च्याच लागल्या नाहीत. हिल्डानं आठ दिवस धीर धरला आणि नवव्या दिवशी तक्रारीचा नंबर फिरवला. गाडीचा नंबर सांगितला, रंग सांगितला, मागचं डावं टायर पार गुळगुळीत झालंय हेही सांगितलं. "माफ करा हं, त्रास देतेय," असं ती तीनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला, दारात पाच मिनिटं बोलला आणि निघून गेला. गाडी तिथंच! हिल्डाला काही केल्या चैन पडेना. मग चर्चमधल्या दोन मैत्रिणींना तिनं फोनवर सगळं सांगितलं, फक्त आपल्यातच ठेवा असं बजावून. शुक्रवारपर्यंत निळ्या गाडीच्या काचेवर कागद चिकटला: "आपल्या देशात जा." तो कुणी लावला कुणास ठाऊक. हिल्डानं तो दुर्बिणीतून वाचला आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, हे काही बरं झालं नाही.

शनिवारी गेरिट आला. खुर्ची उघडली, पण बसला नाही.

"हिल्डा, माझी नात तुमच्याकडं आलीय. ट्रेसा. तुमच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून. सीमेवरच्या माणसांनी सगळे कागद तपासून सोडलं. चौदा दिवस घरात कोंडून घ्यायचं, मग कामावर. तुझ्या शेजारी खोली मीच शोधून दिली होती."

हिल्डानं मागं वळून निळ्या गाडीकडं पाहिलं. "धालीवालांकडं?"

"हो. कुणीतरी तिची तक्रार केली. वर गाडीवर कागद लावला. काल फोनवर रडत होती पोर. म्हणते, आजोबा, इथं मी कुणाला नकोय, मी परत येते." तो तिच्याकडं बघत राहिला. "तुला त्या रस्त्यावरचं सगळं कळतं. कुणी केलं असेल गं हे?"

"मी... मी बघते," हिल्डा म्हणाली आणि खुर्चीची घडीही न करता निघाली.

घरी जाऊन ती कॉफी न पिता बसून राहिली. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. तक्रारीवर नाव नसतं. पण पोर निघून गेली असती, आणि गेरिट दर शनिवारी तोच प्रश्न घेऊन समोर बसला असता. हिल्डा उठली, मास्क बांधला आणि धालीवालांच्या मागच्या अंगणात जाऊन तळघराच्या खिडकीवर टकटक केली.

पडदा सरकला. लांब चेहऱ्याची, गेरिटसारख्याच मोठ्या कानांची मुलगी काचेआड उभी होती. मागं अर्धी भरलेली बॅग दिसत होती.

"मी हिल्डा पेनर. तक्रार मी केली."

ट्रेसा काचेजवळ सरकली. "का? मी तर दाराबाहेरसुद्धा आले नाही!"

"म्हणूनच! पडदे बंद, कुणाशी बोलणं नाही, नुसतं अंगणात चालणं... मला वाटलं, लपलीय."

"आजोबांनीच सांगितलं होतं. म्हणाले, तिकडचे लोक नियमाला फार जपतात. विशेषतः मिसेस पेनर. तुझं एक पाऊलसुद्धा चुकायला नको." ट्रेसानं डोळे पुसले. "टायरचं पण तुम्हीच सांगितलंत?"

"मीच."

"पोलीस म्हणाला, बदलून घे." ती हसली की रडली ते हिल्डाला कळलं नाही. मग तिनं भिंतीला टेकवलेलं काहीतरी उचलून काचेला लावलं. क्रोकिनोलचा पाट. अक्रोडाच्या लाकडाचा, घासून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर घरं आखून प्रत्येक घरात डागून काढलेला आकडा.

"आजोबांनी असे दोन केलेत, अगदी सारखे. एक तिकडं, एक इकडं. तिकडची सोंगटी कुठल्या आकड्यावर थांबली ते आजोबा ओरडून सांगणार, तुम्ही इकडं तशीच मांडायची. चौदा दिवस झाले की मी हा तुम्हाला द्यायचा होता."

हिवाळाभर तो माणूस तिच्यासाठी लाकूड घासत बसला होता, आणि तिनं काय केलं? तिला स्वतःची लाज वाटली.

"जाऊ नकोस गं," ती म्हणाली.

"तुम्ही आजोबांना सांगा. सगळं. मग मी ठरवीन."

पुढच्या शनिवारी चराच्या दोन्ही काठांवर गर्दी होती. चर्चमधल्या त्या दोन मैत्रिणीही होत्या. हिल्डा बसली नाही. चरापर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेरिट, ट्रेसाची तक्रार मी केली. आणि गावभर पण मीच केलं." मैत्रिणींनी माना खाली घातल्या.

गेरिटनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"फोन करताना माझी आठवण नाही झाली तुला?"

"झाली ना! म्हणूनच तर केला. वर्षभर तू नियम पाळून त्या काठावर बसलायस. तिथून माझं दार दिसतं तुला, पण आला नाहीस. आणि ही कोण परकी बाई खुशाल आत येऊन राहते? माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, यायचंच होतं तर गेरिट नसता का आला!"

गेरिटनं बुटानं एक खडा चरात ढकलला. मग म्हणाला, "मी तिथं आलो असतो, तर मलाही पकडून दिलं असतंस?"

हिल्डानं खरंच विचार केला. "माहीत नाही रे. आधी कॉफी दिली असती."

तेवढ्यात मागून ट्रेसा आली. नर्सचा निळा पोशाख अंगावर, तीनला ड्यूटी. हिल्डाच्या खुर्चीपुढं तिनं छोटं टेबल मांडलं, त्यावर पाट ठेवला, सोंगट्यांची पिशवी ओतली आणि आजोबांना हात करून गाडीकडं गेली. गाडीला नवं टायर होतं.

पलीकडं गेरिटनं आपला पाट गुडघ्यांवर घेतला. वाकला. टिचकी मारली.

"वीस!" तो ओरडला. "पहिल्याच फटक्यात भोकात! विश्वास नसेल तर घे दुर्बीण अन् बघ."

दुर्बीण हिल्डाच्या गळ्यातच होती. तिनं ती काढली, खुर्चीखाली ठेवली, आणि गेरिटची सोंगटी आपल्या पाटावरच्या भोकात स्वतःच्या हातानं टाकली.