सर्व्हरवरचा पहारेकरी

“सर्व्हर परत पडला,” समोरच्या टेबलावरून आमचा कोड तपासणारी टेस्टर म्हणाली, तेव्हा मी बाबांना फोन लावत होते.

आमच्या ऑफिसात जो तो दिवसभर कोड लिहितो. त्यातला एकेक बदल कोणी केला, कधी केला, का केला, हे सगळं तो सर्व्हर सांभाळतो. तो पडला की सगळे हातावर हात ठेवून माझ्याकडे बघत बसतात. कारण त्याची देखभाल माझ्याकडे.

आणि इकडे बाबा फोन उचलेनात. मागच्या महिन्यात ते घरात एकटेच असताना चक्कर येऊन पडले, तेव्हापासून माझा जीव टांगणीला. धीर माझ्यात मुळातच कमी. उकळी फुटायच्या आत चहा गाळणारी बाई मी. दादाचं नि माझं ठरलं होतं, यापुढे एकदा जरी त्यांनी फोन उचलला नाही, तरी त्यांचं बिऱ्हाड दादाकडे हलवायचं. त्यांना ते घर सोडायचं नव्हतं. पण विचारतंय कोण?

परत लावला. नुसतीच रिंग. मग दादाला लावला.

“निघतोच,” तो म्हणाला. “आज घेऊनच येतो त्यांना.”

मी सर्व्हरकडे वळले. हाताला कामच हवं होतं. मेमरी भरपूर, डिस्क मोकळी. सर्व्हरचा चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, स्वतःहून कोसळली तर मागे काहीतरी रडगाणं लिहून जाते. इथे एक ओळ नव्हती. चांगली चालता चालता गप्प. म्हणजे ती मेली नव्हती, तिला कोणीतरी मारलं होतं. मी सिस्टिमच्या नोंदी, म्हणजे लॉग, उपसले आणि हुकूम कुठून आला ते सापडलं. काखेत कळसा, गावाला वळसा. हुकूम माझाच होता.

एकदा सर्व्हर अडकला, तेव्हा मी घाईघाईत एक पहारेकरी प्रोग्राम बसवला होता. त्याने सारखं विचारायचं, आहेस ना? उत्तर लगेच आलं नाही, तर प्रोसेस मारून नव्याने सुरू करायची. हल्ली सर्व्हर दुपारी जुना इतिहास आवरून ठेवायला घ्यायचा. त्या गडबडीत उत्तराला उशीर झाला की पहारेकरी गळा दाबायचा. उठून बिचारा सर्व्हर तेच काम पहिल्यापासून काढायचा. ते जन्मात संपलं नसतं.

मी पहारेकरी बंद केला. सर्व्हर आवराआवरीला लागला आणि गप्प झाला.

“पडला का गं?” टेस्टरने विचारलं.

“नाही. कामात आहे. थांब जरा.”

म्हणाले खरी, पण माझाच पाय टेबलाखाली हलत होता. तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

“बाबा, फोन का उचलत नव्हता?”

“अगं, खिडकीला रंग देतोय. दोन्ही हात बरबटलेले. रोज तुझा फोन आला की ब्रश ठेवा, हात धुवा, तोवर रंग सुकतो. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. आज म्हटलं, संपवूनच बोलू. झाली बघ एक खिडकी.”

माझ्या स्क्रीनवर सर्व्हरचं काम संपल्याची ओळ आली होती. तिकडे बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज आला.

“तुझा दादा आलाय,” बाबा म्हणाले. मग हळू आवाजात, “रिकाम्या बॅगा कशाला आणल्यात गं याने?”

“फोन त्याच्याकडे द्या, बाबा,” मी म्हणाले. “बॅगा परत न्यायला सांगते त्याला.”