काकांची बोट, काकांचं बोट

आमच्या मंडळात अकरा सभासद आहेत आणि सगळे पन्नाशीच्या पुढचे. रविवारी सकाळी बागेतल्या तळ्याकाठी आम्ही हातात रिमोट घेऊन उभे राहतो आणि हातभर लांबीच्या बोटी पाण्यात फिरवतो. घरी हे सांगताना अवघड वाटत नाही. आमच्या बायकांनी आमच्याकडून याहून मोठी अपेक्षा ठेवणं केव्हाच सोडलंय.

मी मंडळाचा सेक्रेटरी. एरवी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मंडळाचे नियम लिहायचं काम न मागता माझ्याकडे आलं. मी सोळा नियम लिहिले. त्यातला एकच लोकांनी मनावर घेतला, तो चिमट्याचा.

जुन्या पद्धतीच्या रिमोटला एक खोड असते. प्रत्येकाचा एक ठरलेला नंबर असतो, आणि एकाच नंबरचे दोन रिमोट एकदम चालू झाले तर पाण्यातली बोट भांबावते. त्यातला जो जवळ असेल, त्याचं ऐकते. म्हणून तळ्याकाठच्या झाडाला मी एक फळी टांगली, तिच्यावर कपडे वाळत घालायचे आठ चिमटे अडकवले आणि चिमट्यांवर आकडे रंगवले. आपल्या आकड्याचा चिमटा काढून कॉलरला लावायचा, मगच रिमोट चालू करायचा. चिमटा दुसऱ्याच्या कॉलरला असेल तर त्याचं होईपर्यंत हात बांधून बसायचं. ‘चिमटा नाही, तर रिमोट नाही’ असं मी फळीवर लाल रंगात लिहिलं. स्वल्पविरामासकट.

पुढे आपापसांत न भांडणारे नवे रिमोट आले. नऊ जणांनी ते घेतले. जुन्यावर दोघंच उरलो, मी आणि कवळीवाले काका. आणि दोघांचाही नंबर चार.

काका दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. सत्तरी उलटलीय, पण गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातानं चावतात. कवळ्या करून उरलेल्या वेळात त्यांनी तीन वर्षं खपून एक प्रवासी बोट बांधली होती. लाकडी तळ, पितळी कठडे, बोटभर उंचीची शिडी, आणि डेकवर चौतीस प्रवासी. प्रवासी कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकचे. प्रत्येकाला दात होते.

“काका, हे सगळेच हसतायत,” मी एकदा म्हणालो होतो.

“एवढे दात दिलेत मी. दाखवायला नकोत?”

माझी बोट तयार खोक्यातून आली होती. झेंडा तेवढा मी चिकटवला होता, तोही तिरका.

त्या रविवारी काकांची बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली. काका पलीकडच्या काठावर उभे होते, चार नंबरचा चिमटा कॉलरला, गळ्यात रिमोट. बोट तळ्याला एक चक्कर मारून अलीकडच्या लाकडी धक्क्याला लावायची होती. धक्क्याच्या उजव्या हाताला दगडी भिंत आहे, तेव्हा शेवटच्या वावभर अंतरात मुंगीच्या पावलानं यावं लागतं. सगळे श्वास रोखून उभे होते. मी नव्हतो. मी भिंतीमागच्या बाकावर माझी बोट मांडीवर घेऊन बसलो होतो.

आदल्या रविवारी माझ्या बोटीचं सुकाणू अडकलं होतं आणि ती घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत राहिली होती. आमच्या मंडळातला वेल्डर पोट धरून हसला होता. नंतर मी घरी सुकाणू दुरुस्त केलं, पण तपासायचं राहून गेलं. काकांनंतर माझी पाळी होती. दोन सेकंदांचं काम, मी मनाशी म्हटलं. दोन सेकंदांत काय होतंय?

मी रिमोट चालू केला. सुकाणू उजवीकडे वळवलं. मांडीवर ते झकास वळलं. मला इतका आनंद झाला की मोटरही बघून घ्यावी म्हणून मी रिमोटची दुसरी कांडी पूर्ण पुढे ढकलली.

भिंतीपलीकडून आवाज आला. नारळ दगडावर फोडल्यासारखा. मग कुणीतरी “अरे अरे अरे” म्हणालं.

मला कळलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतरच्या आठवड्यात मी स्वतःला बऱ्याचदा पटवून पाहिलं की मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं होतं. मी रिमोट बंद केला, एरियल आत ढकलली, रिमोट पिशवीच्या तळाशी टॉवेलखाली ठेवला, आणि मग धावत गेलो. या क्रमानं. धक्क्यावर पोचेपर्यंत काका तळ्याला वळसा घालून धापा टाकत आले होते, आणि मी त्यांना विचारलं, “काका, काय झालं हो?”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हलकी वाक्यं बोललोय. त्या सगळ्यांत हे तळाला बसेल.

बोट नाक फुटून बुडाली होती. वेल्डर कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्यानं तिला बाहेर काढलं. प्रवासी गाळात गेले. दोन तास चाळणीनं शोधून सतरा सापडले. गाळातून वर येतानाही ते हसत होते.

काका त्यांच्याकडे बघत नव्हते. उजव्या अंगठ्याकडे बघत होते. “मी डावीकडे सांगत होतो,” ते म्हणाले. “बोटानं ऐकलं नाही.”

आमचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत, भला माणूस. ते म्हणाले, “अहो, बोटीनं ऐकलं नसेल.”

“नाही. बोटानंच. बोट चांगली होती.”

मग सगळे चांगुलपणानं वागायला लागले. वेल्डर म्हणाला, वय झालं की व्हायचंच, माझ्या वडिलांचा तर चमचा थरथरायचा. आणखी कुणी म्हणालं, आता शोभेला ठेवा, पाण्यात नको. काका प्रत्येकाला मान डोलावत होते. मीही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवलेला हात किती वेळानं काढायचा ते मला समजेना.

जाताना पोस्टमास्तर म्हणाले, “सेक्रेटरी, अहवालात एका ओळीत उरक. ‘धक्क्याला लावताना बोट चुकली.’ उगाच म्हाताऱ्याला टोचायला नको.”

घरी येऊन मी अहवाल लिहायला बसलो. ‘बोट चुकली’ लिहिलं आणि थांबलो. बोट चुकली म्हटलं की वेल्डर विचारणार, का चुकली? तो तारा तपासणार, तारा ठीक निघणार, मग तो म्हणणार, दुसरा कुणी चार नंबरवर होता काय? मग दहा माना माझ्याकडे वळणार. मी शेवटची वेलांटी काढली आणि मात्रा दिली. ‘धक्क्याला लावताना बोट चुकले.’ आता कुणी काही विचारणार नव्हतं. तीस वर्षं मी लोकांच्या वेलांट्या आणि मात्रा नीट करत आलोय. माणसाला आडवं पाडायला एक पुरते, हे त्या दिवशी कळलं.

अहवाल मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सात जणांनी हात जोडले. काकांनी अंगठा पाठवला.

बुधवारी बायको म्हणाली, “तुम्ही रविवारपासून तीनदा पंखा पुसलाय. काय झालंय?”

“धूळ असते.”

“बरं. काकांचा निरोप आलाय. आईची कवळी त्यांनी अर्ध्यावर ठेवलीय. हात भरवशाचे राहिले नाहीत म्हणे, दुसऱ्याकडून करून घ्या. दुकानच बंद करतायत. शनिवारी एकजण येऊन यंत्रं घेऊन जाणार.”

सासूबाई आमच्याकडेच असतात. खालचे दात नाहीत, पण बोलण्याची धार शाबूत आहे. त्या आतून ओरडल्या, “कशले हात भरवशाचे नाहीत? गेल्या शुक्रवारी माप घेताना दोन्ही हात माझ्या तोंडात होते. दगडाशारखे स्थिर! थरथरले अशते तर मला कळलं नशतं?”

मी चौथ्यांदा पंखा पुसायला स्टूल आणलं. बायकोनं ते काढून घेतलं आणि त्याच्यावर बसली. मी सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही. “मग जा आणि सांगा त्यांना,” ती म्हणाली.

“सांगणारच आहे. जरा योग्य वेळ बघून.”

“चूक करायला मुहूर्त लागला नाही. कबूल करायला बरा लागतो.”

तरी मी गुरुवार घालवला. शुक्रवारी छापखान्यातून परस्पर काकांच्या दुकानात गेलो. लांबट खोली, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फळ्या, त्यांच्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. काकांची मुलगी ते एकेक करून कागदात गुंडाळत होती. काका कोपऱ्यात स्टुलावर, हात मांडीवर उताणे ठेवून. दुसऱ्या कुणी विसरून गेल्यासारखे ते हात दिसत होते.

“तुम्ही तरी सांगा हो यांना,” मुलगी म्हणाली. “डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हात ठणठणीत आहेत. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, तो तिथं होता काय?”

“मी होतो,” मी म्हणालो. हे वाक्य चांगलं होतं. इथून सरळ पुढे जाता आलं असतं. मी म्हणालो, “काका, मला वाटतं रेडिओची काही गडबड असावी. हवेत कुठून कुठून लहरी येतात…”

“लहरी?” काका हसले. “चिमटा माझ्या कॉलरला होता, सेक्रेटरी. चार नंबर तळ्यावर दोघांचाच. एक मी, एक तुम्ही. तुम्ही तर नियम लिहिलेला माणूस. नाही, नाही. तुम्ही भले आहात म्हणून बोलताय.”

मी कसलेल्या वकिलासारखा पळवाट शोधत आलो होतो, आणि त्यांनी ती माझ्यावरच्या विश्वासानं बंद केली. दार लोटायचीही गरज पडली नाही.

“मी चिमट्याशिवाय रिमोट चालू केला होता,” मी म्हणालो. “भिंतीमागच्या बाकावर.”

मुलीच्या हातातला कागद वाजायचा थांबला.

काकांनी विचारलं, “किती वेळ?”

“चार-पाच सेकंद.”

“सुकाणू कुठं दिलंत?”

“उजवीकडे.”

“आणि वेग?”

“पूर्ण.”

काकांनी डोळे मिटले. दोन्ही अंगठे हवेत कांड्यांवर असल्यासारखे धरले आणि तो शेवटचा वावभर पुन्हा चालवून पाहिला. डावीकडे, हळू. डावीकडे, हळू. अंगठे जराही थरथरले नाहीत. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते अंगठे बराच वेळ पाहिले.

“बाबा,” मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पाच दिवस! पाच दिवस हा माणूस चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोय. काल शर्टाची बटणं मला लावायला सांगितली. आणि तुम्ही ग्रुपवर ते लिहिलंत! बोट चुकले!”

“हो,” मी म्हणालो.

“तसं व्याकरण बरोबर आहे,” काका शांतपणे म्हणाले. “बोट चुकलंच होतं. कुणाचं, तेवढं लिहायचं राहिलं.”

मला वाटलं आता ते रागावतील, आणि मग मला माफी मागता येईल. मी तोंडही उघडलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि मुलीला म्हणाले, “यंत्रं न्यायला येणाऱ्या त्या पोराला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं. आणि ते जबडे सोड, उलटे गुंडाळतेयस.” मग त्यांनी ड्रॉवरमधून एक अर्धवट कवळी काढली, दिव्याखाली धरली आणि कानशीनं घासायला लागले. ती आमच्या सासूबाईंची असावी. विचारायचा धीर झाला नाही. पाच मिनिटं मी तिथं उभा होतो. कुणी जा म्हणालं नाही, बस तर नाहीच.

दारापर्यंत गेल्यावर काका मान वर न करता म्हणाले, “अहवाल तळ्यावर वाचतात ना? ग्रुपवर नको. तळ्यावर वाचा.”

रविवारी मी वाचला. दुरुस्त अहवाल, बारा ओळींचा. सेक्रेटरीने नियम क्रमांक तीनचा भंग करून, चिमटा न घेता, भिंतीआडून रिमोट चालू केला. पूर्ण वेग दिला. नंतर रिमोट टॉवेलखाली लपवला. नंतर ‘काय झालं’ असे विचारले. नंतर अहवालात खोटे लिहिले. विशेषण एकही घातलं नाही. घातलं असतं तर ते माझ्या बाजूचं निघालं असतं.

वाचून झाल्यावर कुणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं होतं, शिव्या देतील. पण प्रत्येकाला आपापलं वाक्य आठवत होतं. वेल्डर बुटानं माती उकरत म्हणाला, “मी त्यांना चमच्याचं सांगितलं रे.” शोभेला ठेवा म्हणणारा झाडाकडे बघत होता. पोस्टमास्तर खाकरले. “ठीक आहे. झालं गेलं. हे इतकं तपशिलात लिहायची गरज नव्हती. नोंद एका ओळीत करू आणि विषय संपवू.”

आणि मला हवं होतं तेच. मी कागदाची घडी घालायलाही लागलो होतो.

तेवढ्यात काका आले. हातात बोट नव्हती, नुसतेच आले होते, मुलीबरोबर. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. लोकांनी घाईघाईनं बाकावर जागा केली. काका बसले, दम खाल्ला.

“उशीर झाला,” ते म्हणाले. “वाचून झालं काय?”

“झालं, काका,” पोस्टमास्तर म्हणाले. “आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता तुम्हाला त्रास…”

“मी नाही ऐकलं,” काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. “पहिल्यापासून. आणि जरा मोठ्यानं.”

बागेत फिरायला आलेली चार-दोन माणसं काय चाललंय ते बघायला थांबली होती. मी कागद उलगडला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, वाचायला लागलो.