विदाने ब्रेक दाबला होता

नवरा ग्वोझ्देन गेल्यापासून विदाला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं, आणि ते गावाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मातीच्या दिवशी बायका ऊर बडवत होत्या, तेव्हा ही स्वयंपाकघरात पेले विसळत उभी होती. आमच्या डोंगरात नवऱ्यासाठी न रडलेल्या बाईबद्दल लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पाठ वळली की मात्र पोटभर बोलतात. ते विदाच्या कानावर आलं आणि कानातच राहिलं.

रोज सकाळी ती ग्वोझ्देनची जुनी लाल गाडी काढायची, घाट उतरून कोलाशिनच्या बेकरीत कामाला जायची आणि दुपारी परत चढायची. गाडीचं वय कुणी विचारायचं नाही, असा ग्वोझ्देनचा दंडक होता. परक्या मिस्त्रीचा हात त्याने तिला कधी लागू दिला नाही.

चाळिसाव्याच्या, म्हणजे मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी विदाने गाडीत बाकं, बटाट्यांची पोती आणि चीजची पिंपं कोंबली. थडगं घाटाखालच्या चर्चपाशी होतं आणि पंगतही तिथेच बसायची होती. त्या वर्षीचं पहिलं कडक ऊन त्या दिवशी पडलं. ग्वोझ्देन असता तर घसा फोडून ओरडला असता, दुसऱ्या गिअरमध्ये उतर, ब्रेकला छळू नकोस. आता ओरडायला कुणी नव्हतं. विदा पाय ब्रेकवर ठेवूनच उतरत राहिली.

झऱ्याच्या वळणाआधी पेडल मऊ लागलं. मग ते थेट तळाला गेलं. तिने पुन्हा दाबलं, तेव्हाही ते तळालाच गेलं. आता भीती वाटायला हवी, हे तिला कळलं, पण वाटली नाही. हातांनीच काय ते केलं. तिसरा गिअर, मग दुसरा. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत तिने गाडी शेजारी वुकसानच्या कुरणात घातली, कारण कुरण चढाचं होतं. चढावर गाडी मंदावली आणि गवताच्या गंजीत जाऊन थांबली. मागच्या पिंपातलं चीजचं खारं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरलं.

वुकसान हातात दाताळं घेऊन आला.

"विदा, गवत हवं होतं तर सांगायचंस. घरपोच दिलं असतं."

"ब्रेक लागला नाही," विदा म्हणाली. मीठ संपलंय हे सांगावं, त्या सुरात.

दीर ओब्रेन चाळिसाव्यासाठी पॉडगोरिचाहून आलेला होता. निरोप मिळून तो पोचेपर्यंत गाडी निवली होती. तो आत बसला, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला.

"वहिनी, ब्रेक तर ठणठणीत आहे."

त्याने वुकसानकडे पाहिलं. वुकसान गवत सारखं करू लागला.

"वहिनी, रागावू नकोस," ओब्रेन आवाज उतरवून म्हणाला. "तू दाबलास ना?"

"दाबला."

"नक्की?"

विदाने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. ओब्रेनने चावी काढून खिशात टाकली.

"उद्याचं पार पडू दे. मग गाडी विकू, आणि तू आमच्याकडे चल. इथे एकटी नको राहूस."

दोघं काय समजले ते विदाला समजलं. गाडी गेली की बेकरी जाणार, बेकरी गेली की घर. पण ते तिला टोचलं नाही. टोचलं ते निराळंच. ब्रेक खरंच दाबला होता का? की दाबला असं नुसतं मनात आलं होतं? आपण मरायला निघालो होतो की नाही, एवढं तरी माणसाला स्वतःचं स्वतःला ठाऊक असावं. तिला ठाऊक नव्हतं.

मुनीर मिस्त्रीने गाडी ओढून नेली, तेव्हा कुणी न सांगता विदाही त्याच्या शेजारी चढून बसली. ओब्रेन मागून आलाच. मुनीरने चाकं काढली, पाइप चाचपले.

"मागच्या चाकापाशी जरा झिरपतंय. पण डबीत ब्रेक ऑइल भरपूर आहे. माझ्या मते काही बिघाड नाही," असं म्हणत त्याने डबीचं झाकण उघडलं. सिगारेटींनी त्याचं नाक केव्हाच गेलेलं होतं.

विदा डबीवर वाकली, तिला वास आला आणि ती तशीच राहिली.

"मुनीर, यात राकिया आहे."

"वहिनी, असं काय करतेस," ओब्रेन म्हणाला.

"हिरव्या अक्रोडाची दारू. आमच्या घरची. ते अक्रोड मी चिरलेत, महिनाभर बोटं काळी होती माझी."

ओब्रेनने डबीला नाक लावलं. मग तो तिथल्या टायरवर खाली बसला.

"हिवाळ्यात, आमच्या कुलसंताच्या सणाला," तो म्हणाला. "ऑइल कमी झालं होतं, दुकानं बंद होती. दादा म्हणाला, सैन्यात आम्ही हेच ओतायचो. आम्ही दोघं खूप हसलो. बाटलीत उरलेली मी प्यायलो."

मुनीरने सिगारेट विझवली. "थंडीत चालून जातं. उतारावर तापली की दारू उकळते, तिची वाफ होते, मग नुसती वाफ दाबत बसायचं. निवलं की परत ठणठणीत." त्याने हात पुसले. "आधीच गेला म्हणून वाचला माझ्या हातून."

विदाने हात पुढे केला. ओब्रेनने मान वर न करता तिच्या हातावर चावी ठेवली.

"दाबला होता मी," ती म्हणाली.

मुनीरने डबी आणि पाइप काचेच्या बरणीत रिकामे केले. बरणी तिने मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी पाद्र्याची प्रार्थना संपली. रीतीप्रमाणे एकेक जण पुढे आला आणि मेलेल्याच्या वाटणीची राकिया मातीवर शिंपून बाजूला झाला. ओब्रेनने शहरातून आणलेली भारी बाटली उघडली. सर्वांत शेवटी विदा आली. तिने काळा रुमाल सोडून बरणी बाहेर काढली आणि झाकण फिरवलं. तोच वास आला, तळघरातला, त्याच्या शर्टाच्या बाहीचा.

"घे," ती म्हणाली. "तुझीच आहे."

तिने सगळी बरणी मातीवर उपडी केली.

"रोज त्या घाटाने मीच उतरते, ठाऊक होतं ना तुला? एका शब्दाने सांगितलं नाहीस. गाढवा, कसला गाढव माणूस तू."

तिचा आवाज फाटला. ती गुडघ्यांवर बसली आणि मातीवर मुठी मारू लागली.

"दाबला होता मी, ऐकतोयस? सगळा जीव लावून दाबला होता."

मग ती रडली. बायका लगबगीने पुढे आल्या. त्यांना हायसं वाटलं होतं, बाई एकदाची नवऱ्याला रडली म्हणून. विदाने त्यांचे हात झटकले. तिचं त्याच्याशी बोलणं अजून संपलं नव्हतं.