पूजेआधीची गोळी

इंदुताई नवऱ्याच्या विसरण्याची काळजी बोलून दाखवायच्या, तर गोरखी मोहल्ल्यातले सगळे हसायचे. ज्याला अख्खा रुद्र तोंडपाठ, तो कसला विसरतोय! मधुसूदनगुरुजींना ते ऐकून बरं वाटे. पण थाटीपुरात विश्वासरावांकडच्या पूजेत त्यांनी यजमानांचं गोत्र पुन्हा पुन्हा विचारलं, आणि विश्वासराव वास्तुशांतीसाठी दुसरे गुरुजी बघू लागले. इंदुताईंनी मनाशी ठरवलं, आता बास. कामं सुटली की हा माणूस घरात बसणार, आणि एकदा बसला की संपलाच.

धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काही शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि तेच शब्द परत विचारले. गुरुजींना निम्मेही आठवेनात. लहानपणी घोकलेलं टिकतं, नवं निसटतं, असं डॉक्टरांनी समजावलं. अजून फार बिघडलेलं नाही. वयाला इलाज नाही, पण रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, एकटं बसून राहणं, हे आपल्या हातातलं आहे. कामं तर मुळीच सोडू नका म्हणाले. मग दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पंडितजी, बीपी की गोली रोज़ लेते हैं?"

"रोज़," गुरुजी म्हणाले.

घरी येऊन इंदुताईंनी कपाट उघडलं, तर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. गुरुजींनी सोवळं पुढे केलं. गोळी सकाळची, पूजा आटोपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, आणि पूजा तर रोजच कुठे ना कुठे.

झालं, इंदुताईंचा पारा चढला. औषधानं व्रत मोडत नाही, हे पाटणकर बाजारातल्या आजारी यजमानांना शास्त्राचा आधार देऊन कोण सांगत होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी ते तोंडावर सुनावलं.

"शास्त्राचं नाही गं," गुरुजी म्हणाले. "गोळी घेतली की मला काही झालंय, हे कबूल करावं लागतं. पाठांतर हीच माझी कमाई. ती गेली तर मी कोण?"

इंदुताईंना भडभडून आलं, पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"माझा नवरा. गुरुजी नंतर. आ करा."

त्यांनी आ केला. वरून पाणी पाजून इंदुताईंनी विश्वासरावांना फोन लावला. वास्तुशांती हेच करतील आणि मी शेजारी बसेन, असं त्या ठणकावून सांगणार होत्या. तेवढ्यात गुरुजींनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"विश्वासराव, मला अलीकडे नवं लक्षात राहत नाही. मंत्र पक्के आहेत. बाकीचं सांगायला ही शेजारी बसेल. चालेल?"

इंदुताईंनी पदर घट्ट धरला.

"चालेल की," विश्वासराव म्हणाले. "गाडी किती वाजता पाठवू?"