संध्याकाळचा उंचवटा

वैशालीने बटाट्याच्या फोडींचं उकळतं पाणी दुसऱ्यांदा मोरीत ओतलं, ओले हात गाऊनला पुसले आणि पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावरची रेघ अजून तशीच होती. शहाण्या मुलीसारखी, सरळ.

तिच्या नवऱ्याचं, रतनचं, रक्त मात्र असं शहाण्यासारखं वागत नव्हतं. दर डायलिसिसच्या आधी काढलेल्या रिपोर्टात पोटॅशियम वर, आणि अलीकडे आणखी वर. या खेपेला डॉक्टर खुर्ची जवळ ओढून म्हणाले होते, "वहिनी, हे असंच चढत राहिलं तर हृदय कधीही थांबेल. काय खातात ते बघा."

काय खातात! पोटॅशियम पाण्यात निघून जावं म्हणून भाज्यांचा जीव उकळून उकळून ती मोरीत ओतत होती. रतन त्याला चोथा म्हणायचा आणि मुकाट खायचा.

म्हणून तिने हे समीकरण मांडलं होतं. रक्तात पोटॅशियम येतं किती, जातं किती, आणि त्यावरून ते कोणत्या वेगाने बदलतं. त्याचीच ही रेघ. सोडवायचं काम लायब्ररीचं, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमचं. डायलिसिस सेंटरच्या बाकावर बसून, मोबाइलवरच्या फुकटच्या धड्यांतून ती हे शिकली. बाकीच्या बायका तिथे जप करायच्या. हिचाही जपच, फक्त चुकला की लाल अक्षरांत शिवी यायची.

एककं तपासून झाली. अचूकता वाढवून झाली, सोडवायची पद्धत बदलून झाली. रेघ ढिम्म. तिच्यात जेवणंसुद्धा दिसेनात, जणू हा माणूस उपाशीच होता. शेवटी तिने इंटरनेटवर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका फोरमवर विचारलं. दुपारी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं होतं.

'तुमचं जेवण पटकन संपतं. आधीमागे सगळं शांत असतं, म्हणून लायब्ररी एकदम काही तासांचं लांब पाऊल टाकते आणि जेवण ओलांडून जाते. तिला पावलं लहान टाकायला सांगा.'

तिने एक ओळ बदलली. रेघेवर उंचवटे उगवले. नाश्ता, दुपार, रात्र. क्षणभर तिला हसू आलं. मग तिने रिपोर्टांचे ठिपके पाहिले. ते अजूनही रेघेच्या वर, अधांतरी.

आता गणित चुकत नव्हतं. म्हणजे चुकत होतं ते तिने भरलेलं जेवण.

रतन दिवसभर तिच्या नजरेसमोर असायचा. फक्त संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टेशनपर्यंत जाऊन यायचा. तिने त्या वेळेला एक उंचवटा घातला. रोजचा. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या एका शहाळ्याएवढा.

रेघ उचलली गेली आणि नेमकी रिपोर्टांच्या ठिपक्यांमधून गेली.

शहाळं म्हणजे तुमच्यासाठी विष, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, तेव्हा रतन तिच्या शेजारीच बसला होता. मान डोलावून त्यानेच पुन्हा विचारून घेतलं होतं, "म्हणजे अजिबात नाही ना?"

"येतो गं जरा फिरून." रतन दाराशी चपला शोधत होता. "जमलं का तुझं गणित?"

"जमलं."

त्याने वळून पाहिलं. पडद्यावरचा सगळ्यात उंच उंचवटा त्याला तिथूनही दिसला असावा. तो बराच वेळ चपलेत अंगठा अडकवत राहिला.

"तिथला शहाळीवाला गणू मला अजून साहेब म्हणतो," तो म्हणाला.

वैशालीने तिसऱ्या पाण्याखालचा गॅस बंद केला. फोडी तशाच चाळणीत निथळत होत्या. तिने गाऊनवर ओढणी घेतली.

"थांबा. मीपण येते."

"अगं, गुडघे दुखतील तुझे."

"दुखू देत."

बाहेर आल्यावर तिने किल्ली काढली. रतनने तिच्या हातातून ती घेतली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. दोघं जिना उतरू लागली. तो कठडा धरून, तीही कठडा धरून. खालच्या पायरीवर तो थांबला.

"तुला पाणीवालं आवडतं की मलईवालं?" त्याने विचारलं. "इतक्या वर्षांत विचारलंच नाही."