सहा मूर्ती आणि रिकामा चौथरा

साताऱ्यात शनिवार पेठेत आगाशेबाईंचा टायपिंगचा क्लास होता. सकाळी सातला पहिली बॅच बसली की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत पत्र्यावर गारा पडताहेत. शकुंतला आगाशे यांनी पंचवीस वर्षं हा क्लास एकटीने चालवला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या आणि समोरच्याला पुढचा धडा द्यायच्या.

सत्त्याण्णव साली कचेऱ्यांतून यंत्रं जाऊन संगणक येणार अशी हवा झाली, तेव्हा बाईंनीही एक संगणक आणून कोपऱ्यात मांडला. कळफलकाची त्यांना भीती नव्हती, भीती होती ती माउसची. हात इकडे हलवावा तर पडद्यावरचा बाण भलतीकडे पळायचा. संगणक बसवायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, एखादा खेळ खेळा. आठ दिवसांत हात बसेल." आणि जाताना दोन-तीन सीड्या ठेवून गेला.

त्यातल्या एकीत 'ओरिंथ' नावाचा खेळ होता. ओरिंथ म्हणजे समुद्रातलं एक बेट. आपण वाटसरू व्हायचं आणि त्या बेटावर भटकायचं. गावं होती, घाट होते, लोक होते, आणि सात देवळं होती. देवळांतल्या पुजाऱ्यांशी बोलता यायचं, पोथ्या उघडून वाचता यायच्या. लढायाही होत्या, पण बाई त्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. शब्दकोश मांडीवर घेऊन त्या पोथ्याच वाचत बसायच्या. माउसवर हात आठ दिवसांतच बसला. खेळ मात्र सुटला नाही.

सहा देवळांत सहा मूर्ती होत्या. एक नदीची देवी, एक विस्तवाचा देव, एक धान्याची, असे. सातवं देऊळ डोंगरावर होतं आणि त्यात नुसता चौथरा. पुजारी नाही, पोथी नाही. दिवा मात्र तेवत असायचा.

एका दुपारी क्लास रिकामा असताना बाई नदीच्या देवीसमोर उभ्या होत्या आणि एकदम पुढे वाकल्या. देवीच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. अवघं आयुष्य पोरींच्या डाव्या करंगळ्या नीट 'ए'वर ठेवण्यात गेलं होतं, त्यामुळे असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत. त्या तडक विस्तवाच्या देवळात गेल्या, तिथून धान्याच्या. सहाही मूर्तींना डावी करंगळी नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळची बॅच पाच मिनिटं दारात उभी राहिली, तरी बाईंचं लक्ष नव्हतं.

पुण्याहून निघणारं संगणकाचं एक मासिक त्यांच्याकडे यायचं. त्यात शेवटी वाचकांच्या पत्रांना दोन पानं असत. बाईंनी मराठी यंत्रावर दीड पान टाइप करून धाडलं. मत असं, की ओरिंथचे देव सहा नाहीत आणि सातही नाहीत. देव एकच आहे. लोकांनी त्याला नदीत पाहिलं तेव्हा देवी म्हटलं, चुलीत पाहिलं तेव्हा विस्तव म्हटलं. रूपं निराळी, हात एकच, म्हणून खूणही एकच. आणि सातवा चौथरा रिकामा, कारण तिथे त्याचं खरं रूप आहे, ज्याला रूपच नाही. खाली सही: श. वि. आगाशे, सातारा.

दोन महिन्यांनी पत्र छापून आलं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत क्लासच्या पत्त्यावर एक जाड पाकीट. आत रेघांच्या कागदावर टपोरं अक्षर.

'आदरणीय आगाशे सर, स. न. वि. वि. मी सांगलीत विश्रामबागला संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. मूळ गाव जतच्या पलीकडे. आपली मेंढरं आहेत. ओरिंथ मी चार वेळा पूर्ण केला आहे. करंगळी माझ्या नजरेला पडली नव्हती, हे कबूल करतो. पण सर, आपलं मत मला पटत नाही. ते सगळे सख्खे भाऊ-बहीण आहेत. नदीची देवी रागीट आहे आणि धान्याची सोशिक, एकच असते तर स्वभाव एवढे वेगळे कसे? भावंडांनी मिळून काहीतरी शपथ घेतली आणि प्रत्येकानं करंगळी दिली. आमच्याकडंही देवाला बहीण असते, ती रुसते, तिची समजूत काढायला पालखी न्यावी लागते. आणि सातवा थोरला भाऊ. देऊळ मोकळं आहे म्हणून देव नाही असं होत नाही. तो मेंढरं घेऊन चरायला गेला असेल. दिवा कुणीतरी लावून ठेवलाय ना? ज्याची वाट बघायची असते त्याच्यासाठीच दिवा लावतात. आपला, तानाजी दादासो गडदे.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. 'सर' वाचून हसू आलं. मग उत्तर लिहायला बसल्या आणि तीन कागद झाले.

त्यानंतर वर्षभर पत्रं चालली. बाई टाइप करून धाडत, तानाजी हातानं लिही. कुठल्या पुजाऱ्यानं काय म्हटलं, कुठल्या पोथीत नदीच्या देवीला 'धाकटी' म्हटलंय, आणि तो शब्द खरंच नात्याचा आहे की नुसता लाडाचा. तानाजी पुराव्याला नकाशे काढून पाठवायचा. आपण बाई आहोत हे कळवायचं त्यांच्या मनात पहिल्या पत्रात होतं, पण तेव्हा गंमत वाटली. पुढे पुढे सांगायचं अवघड होऊन बसलं.

नव्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एक साधं पोस्टकार्ड आलं.

'सर, दुकानात इंटरनेट आलं. खेळ संपल्यावर नावं येतात त्यात कंपनीचा पत्ता होता, तिथं मी आपला वाद कळवला. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं. तो लिहितो, हात एकच काढला होता आणि सगळ्या मूर्तींना तोच चिकटवला. चित्र लहान करताना करंगळी गळाली. सातवा देव करायचा होता, पण वेळ संपला. देऊळ तसंच राहिलं. शपथ न्हाई, भाऊ न्हाई. आपण दोघंही उगाच डोकं शिणवलं. तानाजी.'

एरवी शुद्ध लिहिणाऱ्या पोरानं 'न्हाई' लिहिलं होतं, तेच बाईंना जास्त लागलं. त्यांनी उत्तर टाइप केलं, फाडलं. दुसरं केलं, तेही पटेना. महिना गेला. एक पत्र गेलं, त्याला उत्तर नाही. खेळ उघडला तरी देवळापाशी पाय अडखळायचा. त्या हाताकडे पाहिलं की आता हात दिसेना, चिकटवलेलं चित्र दिसायचं. क्लासमध्ये पोरी कुजबुजल्या, बाईंना बरं नाही वाटतं.

शेवटी एका रविवारी त्यांनी क्लासला कुलूप घातलं आणि सकाळची सांगलीची एसटी धरली. कराडला गाडी चहाला थांबली तेव्हा मनात आलं, कशासाठी निघालोय आपण? एका खेळातल्या देवांसाठी? परतीची गाडी समोरच उभी होती. त्या खाली उतरल्या, चहा घेतला आणि पुन्हा आपल्याच जागेवर येऊन बसल्या.

विश्रामबागचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. आत उघडलेल्या संगणकांच्या पसाऱ्यात तेवीस-चोवीसचा एक सावळा, शिडशिडीत तरुण पेचकस घेऊन बसला होता. बाजूच्या स्टुलावर हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी, डोळ्यांवर काळा चष्मा.

"तानाजी गडदे तुम्हीच का? मी आगाशे. साताऱ्याहून आले."

तानाजी ताडकन उठला. त्यांच्या मागे रस्त्याकडे बघायला लागला.

"या की. सर कुठं राहिले?"

"सर मीच."

तो एवढा लाजला, की पेचकस कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"म्हणजे... शेचाळीस पत्रं, सर... बाई... मी आपलं..."

"तुम्ही मोजलीत?"

"फाइल केलीय त्यांची."

म्हातारी हसली. "बसा बाई. ह्येचं ध्यान असंच हाय." ती त्याची आई, दगडाबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला सांगलीला आली होती. त्याचे वडील, म्हातारे दादासो, मेंढरं घेऊन कृष्णेकाठी उतरले होते, ते परत येईतो ती लेकापाशीच राहणार होती.

चहा आला. कंपनीचा विषय काढायला दोघंही तयार नव्हते. अखेर बाईच म्हणाल्या, "मग खेळणं सोडलंत?"

"सोडलं. काय राहिलंय त्यात? आपण देव शोधत होतो बाई, आणि त्या लोकांना वेळच मिळाला न्हवता."

"कसला देव?" दगडाबाईंनी विचारलं.

तानाजीनं सांगायला सुरुवात केली. आधी चिडून, मग हळूहळू रंगून. बेट, मूर्ती, करंगळ्या, रिकामा चौथरा, आणि ते उत्तर. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"आन् एवढ्यासाठी तोंड पाडून बसलाईस व्हय रं?" ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "आवं बाई, आमच्या गावाच्या बिरुबाचं नाक मोडल्यालं हाय. अर्जुना पाथरवटानं मूर्त घडवली, तवा त्येची छिन्नी घसारली. नवा दगुड आणायला पैका न्हवता, तशीच बसीवली. समद्या गावानं बघितलंय, मी बी बघितलंय, मी तवा न्हानी होते. पर आता इचारा कुणालाबी. म्हंत्यात, दुष्काळात द्येवानं मेंढरांवरचा घाव सोताच्या नाकावर घ्येतला."

"आणि अर्जुना? त्यानं सांगितलं नाही लोकांना?" बाईंनी विचारलं.

"त्यो तर जत्रंत सगळ्यात म्होरं नाचायचा. म्या एकदा इचारलं, अर्जुनामामा, नाक तर तुमीच मोडलं न्हवं? तर म्हनला, पोरी, छिन्नी माझ्या हातात हुती, पर घसरली का, ते मला कुठं ठावं हाय?"

बाहेरून एक रिक्षा फटफटत गेली. बाईंना एकाएकी खूप बरं वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

"तानाजी," त्या म्हणाल्या, "त्या माणसानं हात एकच काढला असं लिहिलंय ना? एकच. मी वर्षभर काय सांगत होते?"

तानाजीनं वर पाहिलं. डोळ्यांत पहिल्यांदाच थोडी चमक आली. "एक हात सहा जणांत वाटून घेतला बाई. वाटून कोण घेतं? भावंडंच घेत्यात."

"आणि सातवा?"

"त्याला वेळ मिळाला न्हाई म्हणत्यात. म्हणजे तो अजून यायचाय."

"हे मात्र ओढूनताणून आहे हं."

"आणि तुमचं न्हाई व्हय?"

दोघं हसले. तानाजीनं एका मशीनवर खेळ सुरू केला आणि म्हातारीला पडद्यापाशी बसवलं. चष्मा वर करून तिनं एका डोळ्यानं डोंगर पाहिला, देऊळ पाहिलं, कुरणावरची मेंढरं पाहिली आणि म्हणाली, "ही मेंढरं न्हवंत. पाय बघ की, कुत्र्याचं हायती." तो सबंध वेळ ती देवांपेक्षा मेंढरांनाच नावं ठेवत होती.

दुपारी जेवणं झाल्यावर काउंटरवर बसून दोघांनी मासिकाला एकत्र पत्र लिहिलं. कंपनीचं उत्तर प्रामाणिकपणे आधी दिलं. पुढे 'आमचं मत' लिहायचं तर एकमत होईना, म्हणून अर्धं पान बाईंनी घेतलं आणि अर्धं तानाजीनं. मधे रेघ मारली. साडेचारच्या गाडीला तो त्यांना स्टँडवर सोडायला आला, खिडकीतून हळदीची पुडी आत दिली आणि म्हणाला, "पत्र टाका, बाई." हा 'बाई' त्याला आता सहज म्हणता आला.

पत्र जानेवारीच्या अंकात छापून आलं. मार्चच्या अंकात त्यावर एकच प्रतिक्रिया होती, कोरेगावच्या लालासाहेब बर्गे नावाच्या गृहस्थांची. त्यांचं म्हणणं, इतका वाद घालायचं कारणच नाही. सातवा देव म्हणजे खेळणारा स्वतः. चौथरा रिकामा, कारण त्यावर आपणच बसायचं आहे.

बाईंनी ते क्लासमध्येच वाचलं आणि इतक्या मोठ्यानं "छे!" म्हणाल्या, की सोळाच्या सोळा यंत्रं थांबली. "चालू द्या तुमचं," म्हणून त्यांनी यंत्रात कागद घातला आणि लिहिलं:

'प्रिय तानाजी, मार्चचा अंक पाहिलात का? स्वतःच चौथऱ्यावर जाऊन बसायचं म्हणजे फारच सोपं झालं. बर्गे यांना उत्तर द्यायलाच हवं. तुम्ही आधी लिहिता, की मी लिहू?'

तानाजीचं पत्र त्याच दिवशी सांगलीहून निघालं होतं. त्यातही पहिली ओळ बर्ग्यांबद्दलच होती.