बातमी सांगण्याचा तास

तरुण अधिकारी टोपी काखेत धरून सोफ्याच्या कडेवर टेकला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"मला आई म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "बाहेर जा. पुन्हा ये."

तो मुकाट्याने उठला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या मेजरांनी नुसती मान हलवली.

खोली खोटी होती. प्रशिक्षण केंद्रातल्या एका वर्गात सोफा, टीपॉय, पडदे मांडून घर उभं केलं होतं; टीव्हीला वायरच नव्हती. नवे अधिकारी या केंद्रात बरंच काही शिकत. अंधारात तुकडी कशी न्यायची, भांडणाऱ्या दोन जवानांना एका तंबूत कसं नांदवायचं, स्वतःची चूक सगळ्यांसमोर कशी कबूल करायची. आणि शेवटी शेवटी एका सकाळी हे शिकत, की आपल्या हाताखालचा माणूस गेला, तर त्याच्या घरी जाऊन कसं सांगायचं. ज्याला हे जमत नाही त्याने माणसं हाताखाली घेऊच नयेत, असं मेजरांचं स्पष्ट मत होतं.

बाई शाळेत भूमिती शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्यावर मेजरांनी विचारलं म्हणून इथे येऊ लागल्या. त्यांचा मुलगा लष्करात ट्रक चालवायचा आणि घाटातल्या अपघातात गेला होता, हे प्रत्येक तुकडीला आधीच सांगितलेलं असे. त्यामुळे पोरं दारातच घामाघूम होत. एकाने बाईंच्याच 'घरात' बाईंना पाणी हवं का, म्हणून विचारलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून धांदलीत "अभिनंदन" निघून गेलं आणि तो स्वतःच रडायला लागला. शेवटी बाईंनीच त्याला आपला रुमाल दिला होता.

त्या मात्र कोणाला सूट देत नसत. "शौर्य, कर्तव्य, अभिमान, सगळं नंतर," त्या वर्गात सांगत. "आधी 'गेला' म्हणायचं. आडवळणाने सांगाल, तर समोरचं माणूस भलतंच समजून बसेल."

भलतंच म्हणजे काय, हे त्यांनी कधी उघड केलं नव्हतं.

मुलगा गेला तेव्हा त्यांच्या दारात आलेला अधिकारीही असाच कोवळा होता. त्याने सुरुवात केली ती मुलाच्या कौतुकाने. सगळ्या तुकडीचा तो लाडका, सगळ्यांना त्याचा अभिमान, वरिष्ठांनी मला मुद्दाम पाठवलंय. बाईंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. त्या तशाच आत पळाल्या, चहाचं आधण ठेवलं आणि मागच्या खोलीत मिक्सर उघडून बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पोराला बढती मिळाली. साहेब स्वतः आलेत सांगायला. जरा बरा शर्ट घाला."

नवऱ्याने शर्ट बदलला, केसांवरून कंगवा फिरवला. बाहेर येऊन त्याने त्या अधिकाऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. तोंडभर हसत होता. मग त्या अधिकाऱ्याला सांगावं लागलं.

त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बाई केंद्रात जाऊ लागल्या तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "तू जा. मला तिथलं काही सांगू नकोस." त्या गप्प बसण्याचा अर्थ बाईंनी आपल्या परीने लावून टाकला होता. बातमी ऐकायला आपणच त्याला नटवून, हसवून बाहेर आणलं. हे तो विसरणार नाही.

केंद्रातल्या त्या खोट्या घराचं दार पुन्हा वाजलं. तरुण अधिकारी आत आला. बाई बसेपर्यंत थांबला, मग समोर बसला.

"बाई, मी वाईट बातमी घेऊन आलोय. तुमचा मुलगा आज पहाटे अपघातात गेला. ट्रक दरीत कोसळला. त्याला वाचवता आलं नाही."

त्याने काही भर घातली नाही, नजरही चोरली नाही.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "असंच सांगायचं."

फाटकाबाहेर नवरा स्कूटरला टेकून उभा होता. तो कधीच येत नसे. बस बंद आहेत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आजच्या पोराने नीट सांगितलं. त्या दिवशी हा आला असता, तर मी तुम्हाला तसं बाहेर आणलं नसतं."

तो अंगठ्याने आरशावरची धूळ पुसत राहिला.

"त्याचाच राग आहे ना तुमच्या मनात?"

"राग?" त्याचा अंगठा थांबला. "अगं, शर्टाची बटणं लावता लावता मी त्याला कुठच्या कुठे नेऊन ठेवला होता. बढती झाली, ट्रक सुटला, ऑफिसात खुर्ची मिळाली. म्हटलं, सुटलो त्या घाटांतून एकदाचे." तो जरा थांबला. "तेवढं सुख तरी पदरात पडलं माझ्या. तू दिलंस ते."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू त्याच गोष्टीने जळत होतीस. आणि मला तीच धरून ठेवायची होती. कोणत्या तोंडाने सांगणार?"

त्याने स्कूटर सुरू केली. बाई मागे बसल्या. केंद्राची लांबलचक भिंत संपली, बाजार लागला. भाजीच्या गाड्यांमधून वाट काढताना वेग मंदावला, तेव्हा त्या पुढे झुकल्या.

"आणि मग?" त्यांनी विचारलं. "खुर्ची मिळाल्यावर?"

त्याने एक गाडी पुढे जाऊ दिली.

"मग क्वार्टर मिळालं," तो म्हणाला. "तळमजल्यावरचं. तुझे गुडघे दुखतात म्हणून त्यानेच मागून घेतलं."